रोझीचा पगार कुठे जातो?

मावशी,

मी इंदूरची. वय अडतीस, बँकेत अधिकारी आहे. आम्ही मराठी ख्रिस्ती. आईचं माहेर नगरकडचं. वडिलांचं घराणं इथलंच, छप्पनियाच्या दुष्काळात मिशनच्या आसऱ्याला आलेल्या माझ्या पणजीपासून सुरू झालेलं. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी, बँकेत दोन्ही. नाटकाची हौस लहानपणापासूनची, आमच्या भागातल्या मराठी मंडळात बरीच वर्षं कामं करते आहे.

यंदा गणेशोत्सवातल्या नाटकात मला ‘रोझी’ मिळाली. सत्तरच्या दशकातलं मुंबईचं ऑफिस, साहेबाची स्टेनो, गुडघ्यापर्यंत फ्रॉक, मोडकं मराठी, दुसऱ्या अंकात दारू पिऊन नाच. दिग्दर्शक म्हणाले, “तुला काय, घरचंच काम आहे.” सगळे हसले, मीही हसले. रात्रभर झोप नाही. सकाळी ग्रुपवर लिहिलं की आमच्यात कोणी फ्रॉक घालत नाही, माझी आजी नर्स होती, जन्मभर पांढरी सुती साडी नेसली, आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, आम्ही तसले ख्रिश्चन नाही. त्यावर अंगठे आले. एकीने लिहिलं, “तू तर आपल्यातलीच वाटतेस गं, कळतसुद्धा नाही.” ते वाचून जास्तच लागलं, आणि का लागलं ते कळेना.

आई म्हणते गप्प बस, आपण मूठभर, कशाला वाकडेपणा घ्यायचा? भूमिका सोडू, करू, की भांडू?

एक वाचक, इंदूर

*

अगं, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. भूमिका सोडू नकोस. आहे तशी घेऊही नकोस. आणि भांडायचंच असेल तर फ्रॉकवरून भांडू नकोस, कारण त्या भांडणात तू जिंकलीस तरी दुसरीच कोणीतरी हरणार आहे.

ती दुसरी तुझ्या पत्रातच आहे. राग आला की माणूस हाताला लागेल ते फेकतो. तू एका बाईला फेकलंस. फ्रॉक घालणारी, संध्याकाळी एखादा ग्लास घेणारी, इंग्रजीत खळखळून हसणारी जी कोणी आहे ती वाईट, हे दिग्दर्शकांचं म्हणणं तू मान्य केलंस आणि फक्त आपलं नाव त्या यादीतून खोडून मागितलंस. त्यांनी ते खोडलं. “आपल्यातलीच वाटतेस” म्हणजे दुसरं काय? तू मागितलेला दाखला त्यांनी सहीशिक्क्यानिशी दिला, आणि तो हातात आल्यावर तुला दिसलं की दाखला देण्याघेण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहिला. लागलं ते हे.

ही शाबासकी इंदूरच्या मराठी माणसाला तर चांगलीच ओळखीची आहे. पुण्याला लग्नकार्याला गेलं की एखाद्या काकू हमखास म्हणतात, “इंदूरचे असून मराठी किती छान बोलता हो!” आपण हसतो आणि परतीच्या प्रवासात खंडव्यापर्यंत धुसफुसत येतो. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून मराठी टिकवायची आणि दर खेपेला कोणीतरी तोंडी परीक्षा घेऊन पास करायचं. तुझ्या दिग्दर्शकांना हे एकदा आठवून दे. समजावून सांगावं लागणार नाही.

आता रोझी. नाटक मुंबईचं, तेव्हा ती वांद्र्याला राहत असणार. संहितेत लिहिलेलं नसलं तरी प्रेक्षक तसं धरून चालतात. आणि ती मोडकं मराठी बोलते. इथे लेखकाचा गृहपाठ कच्चा आहे. वांद्रे, मरोळ, उत्तन, वसई हा मुळात ईस्ट इंडियन लोकांचा मुलूख. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. त्या दोनशे वर्षांत ख्रिस्ती झालेले हे इथलेच कोळी, कुणबी, भंडारी. यांच्या घरची बोली मराठी, यांच्या म्हाताऱ्या बाया लुगडं नेसणाऱ्या. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ साली, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलं, गोव्या-मंगलोरकडून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण निराळे, इथले मूळचे, हे सरकारला कळावं म्हणून. त्याच वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा रोझी ईस्ट इंडियन असेल तर तिचं मराठी साहेबाच्या मराठीपेक्षा जुनं निघायचं.

ती गोव्याची असेल तर घरी कोंकणी बोलत असणार, तिच्या मराठीला निराळी लय असेल, पण ‘मैं आता, तुम जाता’ छापाचं ती बोलणार नाही. ती अँग्लो-इंडियन असेल तर मात्र तिची मायबोली इंग्रजी, आणि मराठी अडखळणं शक्य आहे. यांपैकी ती कोण, हे लेखकाला किंवा दिग्दर्शकांना विचार. माझा अंदाज, उत्तर येणार नाही. सिनेमाने आणि फार्सने या तिघींचा एकच फ्रॉक शिवला आणि रोझी, लिली, मोना यांपैकी हाताला येईल ते नाव त्यावर टाचलं. नायिकेने जे करायचं नाही ते सगळं हिच्याकडून करून घ्यायचं: पिणं, नाचणं, साहेबाच्या खुर्चीच्या हातावर बसणं. मग तिसऱ्या अंकात साहेब घरी परततो, बायको कुंकू सावरते, आणि रोझी कुठे जाते ते कोणी दाखवत नाही.

ती कुठे जायची ते आपल्याला इंदुरात बसून कळायला हवं, कारण महू आपल्यापासून तासाभरावर आहे. १८१८ च्या होळकर-इंग्रजांच्या मंदसोरच्या तहानंतर तिथे इंग्रजांची छावणी पडली, पुढे रेल्वे आली, आणि छावणी-रेल्वेबरोबर जी वस्ती येते ती, म्हणजे अँग्लो-इंडियन घरं, आली. देशभर असंच झालं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६६ मध्ये अँग्लो-इंडियन कोण याची व्याख्या आहे: बापाच्या बाजूचा कोणीतरी पुरुष युरोपियन वंशाचा हवा. आईची बाजू धरत नाहीत. गंमत बघ, जिच्या फ्रॉकवरून अख्खी जमात ओळखली जाते, तिच्याकडून जमात मोजलीच जात नाही! (लोकसभेतल्या त्यांच्या दोन नियुक्त जागाही २०२० मध्ये गेल्या, त्याची फारशी कोणाला दखल नाही.)

या घरांतल्या पोरी काय करत? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून प्लग जोडायच्या, कंपन्यांत टाइपरायटर बडवायच्या, लघुलिपीत साहेबाची पत्रं उतरवायच्या, रेल्वेच्या शाळांत शिकवायच्या, इस्पितळात रात्रपाळी करायच्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, बायकांचं साहाय्यक सैन्यदल उभं राहिलं, त्यातही यांचा भरणा मोठा. म्हणजे ज्या काळात आपल्याकडच्या बहुतेक घरांत सुनेने एकटीने बाजारात जाणं हासुद्धा चर्चेचा विषय होता, त्या काळात या बायका ठरल्या वेळी कामावर जात होत्या, परक्या पुरुषांशी कामापुरतं बोलत होत्या, अंधार पडल्यावर परतत होत्या आणि पहिल्या तारखेला आपल्या हातात पगार घेत होत्या. त्यांच्या चारित्र्याबद्दल जे काही बोललं गेलं, ते मुळात त्यांच्या नोकरीबद्दल होतं असं माझं ठाम मत आहे. फ्रॉक हे निमित्त. पुढे १९५६ साली एलआयसी झाली, १९६९ साली बँका सरकारी झाल्या, आणि आपल्या आत्या-मावश्या पाचवारीत, हातात डबा घेऊन ऑफिसला निघाल्या, तेव्हा त्यांच्याबद्दलही काही वर्षं तेच कुजबुजलं गेलं. बायकांनी भरलेलं ऑफिस हे सवयीचं दृश्य व्हायला कोणाला तरी आधी वाईट ठरावं लागलं. तू आज ज्या खुर्चीवर बसून कर्जाच्या फायली बघतेस ना, तिथवरची वाट थोडीफार रोझीनेही पाडलेली आहे.

आता तुझी आजी. पांढरी सुती साडी तू ग्रुपवर पुरावा म्हणून मांडलीस. पण त्या साडीला तेव्हा मान होता असं समजू नकोस. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन इंदुरात आलं १८७७ साली. होळकर दरबाराची सुरुवातीला त्यांच्यावर मर्जी नव्हती, म्हणून त्यांनी इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या बाजूला बस्तान बसवलं. १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या, १८८६ मध्ये डॉ. मॅरियन ऑलिव्हर, आणि १८९१ साली बायकांचं इस्पितळ उघडलं. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नव्हत्या, त्यांच्यासाठी ही सोय. पण डॉक्टरीण परदेशातून आली तरी नर्स इथलीच लागणार. ती कुठून आणायची? परक्याचं अंग पुसायचं, रक्त-विष्ठा काढायची, रात्री घराबाहेर राहायचं; विटाळ आणि अब्रू दोन्ही पणाला. वरच्या जातींतून कोणी लेकीबाळी धाडेना. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन निघालं आणि रमाबाई रानड्यांनी विधवांना नर्सिंगला पाठवायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्यासारख्या बाईलाही घरोघरच्या नाराजीला तोंड द्यावं लागलं. तोवर आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं हे काम ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुलींनी ओढलं, मग केरळच्या मुलींनी. इंदुरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात रात्री अकरानंतर जाऊन बघ, आजही एखादी मल्याळी सिस्टर भेटेलच.

म्हणजे तुझ्या आजीलाही तिच्या तरुणपणी, रात्रपाळीहून परतताना, कोणी ना कोणी रोझीच म्हटलं असणार. शब्द निराळे असतील. आजी आणि रोझी यांच्यामध्ये तू जी रेघ ओढलीस, ती त्या दोघींच्या काळात कोणाला दिसत नव्हती.

‘सेवाभावी सिस्टर’ हीसुद्धा साचाच आहे, हे जाता जाता सांगते. दिसायला गोड. पण ज्या बाईला देवदूत म्हटलं तिला ओव्हरटाइम द्यायची गरज वाटत नाही, आणि तिने पगारवाढीसाठी संप केला की लोक म्हणतात, सेवा करणाऱ्यांनी असं करावं का? आपल्याच बाजूची गोष्ट घे. देवास जिल्ह्यात उदयनगरला सिस्टर राणी मारिया काम करायच्या, केरळच्या नन. आदिवासी शेतमजुरांना सावकाराच्या कर्जातून सोडवायचं, सरकारी योजना मिळवून द्यायच्या, असलं काम. २५ फेब्रुवारी १९९५ ला बसमधून खाली ओढून त्यांचा खून झाला. २०१७ साली पोपच्या वतीने त्यांना ‘धन्य’ घोषित करण्याचा सोहळा इंदुरातच झाला. आता तसबिरीत त्या शांत हसतात. व्याजाचा हिशेब मांडणारी, सावकाराला डोईजड झालेली बाई त्या तसबिरीत शोधावी लागते.

आणखी एक गोष्ट या सगळ्यात फार बोचते. ‘तुमच्यात काय बाई, सगळं मोकळं’ हे तू हजारदा ऐकलं असशील. कायद्यात बघितलं तर उलटं होतं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. ख्रिस्ती बाई मात्र १८६९ च्या घटस्फोट कायद्याला बांधलेली. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला नुसत्या व्यभिचारावर भागत नव्हतं, त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा टाकून जाणं असं काहीतरी सिद्ध करावं लागे. आणि नवरा नुसता मारतो, एवढ्यावर तर घटस्फोट नाहीच. हे बदललं कधी? २००१ साली! परस्परसंमतीचा घटस्फोटही तेव्हाच आला. केरळात तर त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्याने सीरियन ख्रिस्ती मुलीला बापाच्या मिळकतीत मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी ते. मेरी रॉय नावाच्या बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या, तेव्हा १९८६ मध्ये ते सुटलं. पडद्यावर ज्यांना सर्वांत स्वैर दाखवलं त्या बायकांना कायद्याने सर्वांत घट्ट आवळून ठेवलं होतं. स्टेजवरची रोझी साहेबाच्या मागे का लागते असं दाखवतात? चाळे म्हणून. तिच्या घरी हात उगारणारा नवरा असू शकतो आणि त्याला सोडायची वाट नाही, हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

पणजीबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस आणि पुढे गेलीस. तिथे थोडं थांबू या, कारण ग्रुपवर पुढचा टोमणा तिकडूनच येणार: पोटासाठी धर्म बदललेले. छप्पनियाचा दुष्काळ म्हणजे संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. माळव्यात सहसा दुष्काळ पडत नाही म्हणतात, तेव्हा पडला. माणसं पोरं रस्त्यावर सोडून मेली. मिशनने जी पोरं उचलली त्यांतली एक तुझी पणजी. त्याच्या आधीच्या, १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य भारताच्या बाजूला स्वतः आल्या होत्या आणि शेकडो मुली पुण्याजवळच्या केडगावला घेऊन गेल्या. त्या मुली तिथे शेती, विणकाम, छपाई शिकल्या. रमाबाईंचं मराठी बायबल छापताना खिळे जुळवणाऱ्या बायका होत्या, एकेकाळी दुष्काळात टाकलेल्या. उपाशी पोरीने दार उघडं दिसलं तिकडे जावं, यात तिने लाज वाटून घ्यावी असं काय आहे? लाज वाटायचीच तर बंद राहिलेल्या दारांना वाटू दे. पण तू तरी पणजीला ‘चांगल्या घरची’ करायच्या फंदात पडू नकोस. ती कोण होती, कुठल्या जातीची, ते बहुधा तिलाच माहीत नव्हतं.

आईच्या नगरकडच्या माहेराचंही तेच. मराठी वाचकाला ख्रिस्ती बाई म्हटलं की दोन नावं आठवतात, रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक. थोरच बायका. रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारी राहिल्या, विलायतेतल्या पाद्री मंडळींशी वाद घालत राहिल्या. लक्ष्मीबाईंचं गद्य आपण मराठीतलं लेणं म्हणून मिरवतो. पण दोघी ब्राह्मण घरातल्या, आणि त्या आपल्याला लक्षात राहिल्या यात त्या गोष्टीचा वाटा आहेच. नगर-मराठवाड्यातली बहुतेक ख्रिस्ती घरं महार-मांग समाजातली. त्यांच्यातल्या बायकांनी बायबलबाई म्हणून गावोगाव पायपीट केली, ओसरीवर बसून बायकांना अक्षरं शिकवली, सुईणपण केलं. त्यांची नावं मिशनच्या वह्यांतही पुरी नसतात. आणि धर्म बदलल्याने जात सुटली असंही झालं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे शीख आणि बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती दलित अजून बाहेर. गावाने जात विसरायची नाही आणि सरकारने ती ओळखायची नाही, या कात्रीत कितीजणींची शिक्षणं अडली असतील.

मी एवढं सगळं सांगितलं ते ग्रुपवर टाकायला नव्हे. कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर, राजकुमारी अमृत कौर पहिल्या आरोग्यमंत्री, अ‍ॅना चांडी उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश, अशी यादी तुला तोंडपाठ असेल आणि ती फेकायचा मोहही होत असेल. नको. थोरांची यादी दिली की समोरचा म्हणतो, “हो हो, काही अपवाद असतात.” तू ज्या सापळ्यातून निघायला बघते आहेस तोच.

नाटकाचं असं कर. दिग्दर्शकांना ग्रुपवर काही लिहू नकोस, समोरासमोर भेट, तेही तालमीच्या आधी, चारचौघांत नाही. पूर्ण संहिता माग. तुझ्या भूमिकेच्या सुट्या ओळी दिल्या तर घेऊ नकोस. आणि त्यांना तीन गोष्टी विचार: रोझी राहते कुठे, घरी कोण कोण आहे, तिचा पगार कुठे जातो? कुठलाही बरा नट कुठल्याही भूमिकेबद्दल हे विचारतो, त्यामुळे यात त्यांना अपमान वाटायचं कारण नाही. साहेबाबद्दल आणि साहेबाच्या बायकोबद्दल हेच विचारलं तर त्यांना उत्तरं येतील, बघ. रोझीबद्दल येणार नाहीत. ती उत्तरं तू दे. अंथरुणाला खिळलेला रेल्वेतला बाप, शाळेत जाणारा भाऊ, महिनाअखेर वाण्याची उधारी, काय वाटेल ते. पण एकदा ठरलं की त्यातून दोन-चार वाक्यं संहितेत आलीच पाहिजेत, ही तुझी अट. दुसरी अट, मोडकं मराठी नको. ती कुठली आहे ते आधी ठरवा, मग तिचं मराठी मी त्या वळणाने बोलेन. हे तुला जमतं, दिग्दर्शकांना जमेलच असं नाही, आणि ते त्यांनाही ठाऊक आहे.

फ्रॉक घाल. चांगला शिवून घाल, छावणीतल्या एखाद्या जुन्या शिंप्याकडून, त्या काळच्या मापाचा. प्यायचा प्रवेशही मला खटकत नाही, ती का पिते हे प्रेक्षकाला कळलं तर. नाच मात्र कशासाठी आहे ते विचार. साहेबाची बायको जर दुसऱ्या अंकात गाणं म्हणत नसेल तर रोझीनेच का नाचायचं?

ते ऐकले तर उत्तम. “एवढं कशाला, विनोदी नाटक आहे” म्हणाले, तर शांतपणे सांग की मग हे काम कोणीही करू शकेल, मला दुसरं द्या. साहेबाची बायको माग. तिचं मराठी शुद्ध आहे, तुझंही आहे. तेव्हा त्यांचा चेहरा काय होतो ते बघ, तुला पुष्कळ काही कळेल. तेही नसेल तर यंदा प्रकाशयोजना सांभाळ किंवा घरी बस, पण कारण सांगून बस. तब्येतीची सबब देऊ नकोस.

ज्या बाईने ‘आपल्यातलीच’ लिहिलं तिच्यावर राग धरू नकोस. तिने मनापासून लिहिलं. नाताळला तुमच्याकडे करंज्या-चकल्या होतात ना? तिला बोलाव, आणि तिने केकबद्दल विचारलं तर केकही दे.

राहिली आई. तिची भीती वेडगळ आहे असं मी म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात ख्रिस्ती ०.२९ टक्के, म्हणजे हजारात तीनसुद्धा नाहीत, देशात २.३ टक्के आहेत. २०२१ पासून आपल्याकडे धर्मांतराचा कायदाही अधिक कडक झाला आहे, आणि प्रार्थनेला चार माणसं जमली तरी बाहेर कोण बघतंय याकडे लक्ष ठेवायची सवय तुमच्या पाळकसाहेबांनाही लागली असेल. तिने आयुष्यभर जे सांभाळलं ते तुला दिसतं, जे गिळलं ते दिसत नाही. तिच्याशी वाद घालू नकोस. तिला एवढंच सांग की धर्मावर मी कोणाशी बोलत नाहीये, नाटकातल्या कामावर बोलते आहे, आणि ते मंडळातल्या कोणीही बोलावं इतकं साधं आहे. चर्चला, मंडळीला यात ओढायचं नाही, बाहेर कुठे टाकायचं नाही, स्क्रीनशॉट फिरवायचे नाहीत. तेवढी मर्यादा तिच्यासाठी पाळ. आणि तिला विचार, आजीच्या दवाखान्यात महूच्या अँग्लो-इंडियन नर्सा होत्या का, त्यांची नावं काय होती, त्या कशा बोलत, सुट्टीच्या दिवशी काय घालत. तुझ्या भूमिकेला जे लागणार आहे ते मंडळात कोणापाशी नाही, तिच्यापाशी असेल.

संहिता हातात आली की रोझीचे प्रवेश मला पाठव. वाक्यं कुठे घालायची ते दोघी मिळून बघू.

मावशी